लीड्समधली तीन जहाजं

मी हॅवरस्बी लुथरन युनिव्हर्सिटीत शिकले असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी "कुठे आलं हे?" असं विचारतो आणि मग जरा थांबून, "म्हणजे तुम्ही ख्रिश्चन का?" असं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं लांबलचक आहेत, म्हणून हल्ली मी नुसतं "बायोमेडिकल सायन्स" एवढंच सांगते. पूर्व किनाऱ्यावर नॉर्वेच्या खलाशांसाठी कुणीतरी एक चर्च बांधलं, त्याच्या आसऱ्यानं एक शाळा निघाली आणि शाळेची पुढे युनिव्हर्सिटी झाली. ती इतकी लहान आहे, की परीक्षेला कुणी आलं नाही तर पर्यवेक्षक स्वतः हॉस्टेलवर जाऊन उठवून आणतात. दर बुधवारी चॅपलमधली प्रार्थना झाली की कॉफी असायची. देवाशी काही संबंध नसलेले आम्ही लोकही तिला हजर असायचो, कारण कप विसळायची पाळी धर्म बघून लावलेली नव्हती. तिथे एकट्यानं कॉफी पिणं अशक्य होतं. तुम्ही कोपरा धरून बसलात, की कुणीतरी आपला कप घेऊन शेजारी येऊन बसायचंच. मला तेव्हा या गोष्टीचा त्रास व्हायचा.

लीड्समध्ये हा त्रास कुणी देत नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी रक्ताच्या बाटल्यांवरची लेबलं तपासते, मशीनं चालवते आणि संध्याकाळी ओकवुडला खोलीवर येते. शनिवार-रविवार माझा आवाज वापरावा लागत नाही. पूर्वी दुकानात काउंटरवरच्या बाईला "पिशवी नको" एवढं तरी म्हणायला लागायचं. आता तेही मशीनच विचारतं आणि मी बोटानं उत्तर देते. एका सोमवारी सकाळी बॉसला "मॉर्निंग" म्हणायला गेले तर घशातून नुसती हवा आली. मी तपासून पाहिलं, घसा ठीक होता. वापराअभावी झालं होतं.

अशाच एका रविवारी युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर मला तो नकाशा सापडला. आपले माजी विद्यार्थी आयुष्यात कुठल्या कुठल्या वाटांनी गेले हे दाखवणारा. प्रत्येकासाठी एक छोटं निळं जहाज. ट्रोम्सोला जहाज, नैरोबीला जहाज, बर्मिंगहॅमला पाच, आणि लीड्समध्ये तीन.

तीन. मी चहा बाजूला ठेवला.

नावं अर्थातच दिलेली नव्हती. शिवाय गोपनीयतेसाठी प्रत्येक जहाज खऱ्या पत्त्यापासून मैलभर इकडेतिकडे सरकवलेलं असतं, असं खाली लिहिलं होतं. त्यामुळे माझं जहाज ओकवुडशेजारच्या राउंडहे पार्कच्या तळ्यात होतं. जहाजाच्या दृष्टीनं ते बरंच म्हणायचं. दुसरं हेडिंग्लीच्या क्रिकेट मैदानात, साधारण मिड-ऑफला उभं होतं. तिसरं कर्कस्टॉलच्या पडक्या मठाशेजारी. मला विशेष हळहळ वाटली ती याची, की लीड्सला आल्यावर मी आधी हेडिंग्लीत राहत होते आणि मग कर्कस्टॉलला. म्हणजे या दोघांच्या अगदी अंगावरून मी गेले असणार, एकाच बसमध्ये बसले असणार, आणि दोन्ही वेळा आमची चुकामूक झाली. त्यांच्यापैकी एकाबरोबर तरी बसून कॉफी प्यायची, असं मी ठरवलं. स्वतःची ओळख पहिल्यापासून करून द्यावी लागणार नाही असं एक माणूस या शहरात मला हवं होतं. बाकी काही नको होतं.

सोमवारी मी युनिव्हर्सिटीच्या अल्युम्नाय ऑफिसला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या ऑफिसला, फोन लावला. तिथे सोल्वेग नावाच्या बाई आहेत. त्यांचे आजोबा नॉर्वेचे, बोलणं अस्सल यॉर्कशरचं, आणि राणीपासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या "लव्ह" म्हणतात.

"नावं नाही देता येणार, लव्ह," त्या म्हणाल्या. "डेटा प्रोटेक्शन."

"मग माझं नाव त्यांना द्या."

"तेही नाही. पण चॅप्टरचा, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्थानिक शाखेचा, कार्यक्रम असला तर त्याचं निमंत्रण मी पाठवू शकते."

"लीड्सचा चॅप्टर आहे?"

"नाही. तो तुला काढावा लागेल. तीन पदाधिकारी लागतात. अध्यक्ष, खजिनदार आणि प्रार्थना सांगायला चॅप्लिन."

"लीड्समध्ये आम्ही तिघंच आहोत. बाकीच्या दोघांना विचारल्याशिवाय चॅप्टर निघत नाही, आणि चॅप्टर निघाल्याशिवाय त्यांना विचारता येत नाही."

"हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं," सोल्वेग म्हणाल्या. मग त्यांनी नियम पुन्हा वाचला आणि त्यात एक फट सापडली. पदाधिकारी "विद्यापीठाचे हितचिंतक" असले तरी चालत होते.

माझ्या ओळखीत हितचिंतक म्हणता येतील अशी दोनच माणसं होती. शेजारच्या घरातले पुरुषोत्तमकाका आणि श्यामलाकाकू. काका काउन्सिलच्या रस्ते खात्यातून रिटायर झालेत आणि मराठी मंडळाचा गणपती कित्येक वर्षं त्यांनीच बसवलाय. आमची भेट कचऱ्याचे डबे बाहेर काढताना व्हायची. कुठल्या आठवड्यात हिरवा आणि कुठल्या आठवड्यात काळा, हे ते मला न विचारता सांगायचे. मी त्यांना टाळायचे, हे इथे नमूद करायला हरकत नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हॉल बुक केलास का?"

"काका, तीन माणसांची कॉफी आहे. कॅफेत बसू."

"कॅफेत मीटिंग होते, कार्यक्रम नाही होत. आणि नुसत्या कॉफीसाठी माणूस जानेवारीत कोट घालून बाहेर पडत नाही. खायला ठेव काहीतरी. बटाटेवडे."

काकूंना वेगळीच शंका होती. त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लुथरन म्हणजे चर्चचं ना गं? तुझं तिथे काही... बदलून वगैरे नाही ना घेतलंस?"

"नाही हो काकू. मी तिथे रक्त तपासायला शिकले."

"आईला माहितीये?"

"काय?"

"काही नाही. बस, चहा टाकते."

अशा रीतीनं मी अध्यक्ष झाले, काका खजिनदार झाले, आणि चॅप्लिनचं पद काकूंकडे गेलं, कारण दुसरं कुणी उरलं नव्हतं. चॅप्टरचा कार्यक्रम प्रार्थनेनं सुरू झाला पाहिजे, अशी अट होती. काकू म्हणाल्या, त्यांना एक जेवणाआधीचा श्लोक येतो. मी त्याचा इंग्रजी अर्थ लिहून पाठवला, सोल्वेगनं तो युनिव्हर्सिटीच्या पाद्रीबाईंना दाखवला आणि दोन दिवसांनी उत्तर आलं, की पाद्रीबाईंची काही हरकत नाही, उलट मूळ श्लोक मिळेल का असं त्या विचारतायत. काकूंनी त्याच संध्याकाळी नागपूरला बहिणीला फोन केला. भिंत पातळ असल्यामुळे मला ऐकू आलं. "अगं, मला इथे चर्चमध्ये पोस्ट मिळाली."

खाण्याचं प्रकरण त्याहून चिघळलं. मी शास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे, कुणाला कशाची ॲलर्जी आहे हे आधी विचारल्याशिवाय खायला देणं मला पटत नव्हतं. हॉलवाल्यांकडूनही ॲलर्जीचा तक्ता आला होता. त्यावरून मी काकूंनी वड्यांबरोबर ठरवलेल्या चिवड्याची छाननी केली. शेंगदाणे गेले, काजू गेले, तीळ गेले, मोहरीही गेली.

"मग राहिलं काय?" काकू म्हणाल्या. "पोहे आणि मीठ?"

"कढीपत्ता चालतो."

काकू चार दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. चार दिवस कुणीतरी माझ्याशी कामापुरतं का होईना रोज बोलत होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

हॉल होता चालत दहा मिनिटांवरच्या एका चर्चचा. त्याचे केअरटेकर मिस्टर क्लेग. उकळत्या पाण्याची मोठी टाकी वापरायची तर आधी तिचं ट्रेनिंग घ्यावं लागेल, असं ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं, की मी रोज लॅबमध्ये ज्या जंतूंना हाताळते त्यांची नावं ऐकली तरी तुम्ही खिडकी लावून घ्याल. त्यावर त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "असेल. पण त्या जंतूंना नळ नसतो." मग त्यांनी मला नळ उघडायला आणि बंद करायला शिकवलं. पहिल्या प्रयत्नात माझ्या बाहीवर पाणी सांडलं आणि मला पुन्हा करून दाखवावं लागलं. माझ्यामागे उभी असलेली प्लेग्रुपची एक आई पहिल्याच फटक्यात पास झाली.

दरम्यान काकांनी परस्पर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिलं, की आपल्या अक्षयाच्या, म्हणजे माझ्या, कॉलेजचा कार्यक्रम आहे, सगळ्यांनी यायचं. धडाधड अंगठे आले. काकांनी ते मोजले आणि बटाट्यांची ऑर्डर वाढवली. मी म्हटलं, "काका, अंगठा म्हणजे 'वाचलं' असंही असू शकतं."

"आपल्या लोकांत अंगठा म्हणजे शब्द असतो," काका म्हणाले.

खरं सांगायचं तर मला मंडळाच्या लोकांची तेवढी ओढ नव्हती. माझं लक्ष त्या दोन जहाजांकडे होतं. रोज रात्री मी नकाशा उघडून ती जागेवर आहेत ना ते बघायचे. मी त्यांना नावं दिली नव्हती, पण सवयी दिल्या होत्या. हेडिंग्लीवाला उंच असणार, सायकल चालवत असणार, आणि बुधवारी दुपारी त्यालाही उगीच कॉफीची आठवण येत असणार. कर्कस्टॉलवाली माझ्यापेक्षा मोठी. ती मला विचारणार, "अजून चॅपलच्या वळणावरच्या त्या बाकाचा एक पाय लंगडा आहे का गं?" मी उत्तर तयार ठेवलं होतं. लॅबमध्ये काही विनोदी घडलं, की हे त्यांना सांगायचं, असं मी मनात टिपून ठेवायला लागले होते.

शुक्रवारी, म्हणजे कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, सोल्वेगचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"लव्ह, निमंत्रणं गेली. तिन्ही पोचली आणि तिन्ही उघडलीसुद्धा. तीही लगोलग. इतका चांगला प्रतिसाद बर्गनहूनही येत नाही."

मला अतिशय आनंद झाला. तिघंही किती तत्पर, असं वाटलं. आनंदाच्या भरात एक बारीकशी तक्रारही करून टाकली. "फक्त तुमच्या सिस्टिममध्ये काहीतरी गडबड आहे. मला तेच निमंत्रण तीनदा आलं. एक माझ्या खासगी मेलवर, एक युनिव्हर्सिटीच्या जुन्या मेलवर आणि एक हॉस्पिटलच्या."

पलीकडे कपात चमचा फिरत होता, तो थांबला.

"तीनदा," सोल्वेग म्हणाल्या. प्रश्नासारखं नाही, नुसतंच.

मग मलाही समजलं. हेडिंग्ली सोडल्यावर मी वेबसाइटवर पत्ता बदलायला गेले होते, पण सिस्टिमनं जुना पासवर्ड मागितला, तो काही आठवेना, म्हणून मी दुसऱ्या मेलवरून नव्यानं नाव नोंदवलं. ओकवुडला आल्यावर पुन्हा तेच. लीड्समधले तिन्ही माजी विद्यार्थी मीच होते.

माझ्या पेशात याला क्षमा नाही. एकाच पेशंटच्या तीन बाटल्या जर मी तीन पेशंट म्हणून लावल्या, तर मला दुपारच्या आत घरी पाठवतील. रोज सकाळी दुसऱ्यांच्या लेबलांवर मी लाल शिक्के मारते, आणि स्वतःच्या बाबतीत नमुना एकच आहे हे मला एक महिना दिसलं नाही. हे झालं शास्त्रीय नामुष्कीचं. उरलेलं जे काही वाटलं त्याला नीटसा शब्द नाही. त्या रात्री हेडिंग्लीवाला सायकलसकट गेला आणि कर्कस्टॉलवालीही गेली. दोघं कधी नव्हतीच, तरी खोली आधीपेक्षा रिकामी झाली, याचं स्पष्टीकरण मला अजून देता येत नाही.

मी काकांकडे जाऊन कार्यक्रम रद्द करूया म्हटलं. का, ते सांगितलं नाही. काका बटाटे निवडत होते.

"कार्यक्रम रद्द नसतो करायचा," ते म्हणाले, "उरकायचा असतो. आणि मंडळाची एवढी माणसं येतायत त्यांना काय सांगू?"

काकू आतून म्हणाल्या, "अहो, रविवार ना हा? रविवारी मीनलकडे हळदीकुंकू आहे. सगळ्या बायका तिथेच जाणार. आणि त्यांना सोडायला-आणायला सगळे पुरुष."

काकांनी बटाटा खाली ठेवला.

"तुम्हीच नाही का त्यालाही अंगठा दिलात," काकू म्हणाल्या.

रविवारी दुपारी दोन वाजता हॉलमध्ये मी होते, पाण्याची टाकी होती आणि परातभर बटाटेवडे होते. काका-काकूंनी वडे आणून ठेवले. "तासाभरात आलोच, हिला जरा तोंड दाखवून येऊ दे," असं म्हणून ते मीनलकडे गेले. चॅप्लिन जाताना मला श्लोक कागदावर लिहून देऊन गेल्या. मी खुर्च्या गोल मांडल्या. मग गोल फार मोठा दिसायला लागला म्हणून काही काढल्या. मग उरलेल्या ओळीत लावल्या, म्हणजे लोक अजून यायचेत असं वाटेल. टाकी एकटी सोडायची नाही असा मिस्टर क्लेग यांचा नियम असल्यामुळे मला बाहेर जाऊन रडताही येईना. शेवटी नियम म्हणून मी उभी राहून श्लोक म्हटला, आणि चॅप्टरचे सर्व सभासद उपस्थित आहेत असं स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

तीन वाजत आले तेव्हा दार उघडलं. आत एक मुलगा आला. निळा रेनकोट, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, प्लेग्रुपचं काही विसरलेलं न्यायला आलाय.

"हॅवरस्बीचा आहे ना हे?" तो इंग्रजीत विचारणार होता, पण माझ्या समोरचे वडे बघून मराठीत वळला. "सॉरी, माझी मराठी थोडा खराब आहे. मी समर कर्णिक. लंडनमध्ये इल्फर्डचा. गेल्या समरमध्ये ग्रॅज्युएट झालो. हो, मला माहितीये, सगळे हसतात."

मी हसले नव्हते. मला हसणं सुचलंच नव्हतं.

"तुला निमंत्रण कसं मिळालं? नकाशावर तर..."

"माझा जहाज अजून अप्रूव्ह नाही झाला. वेबसाइटवर इव्हेंट दिसला." त्यानं कोट काढला, खुर्च्यांच्या ओळींकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "मी अर्ली आहे का?"

"नाही," मी म्हणाले. इथवर मी खरं बोलले.

तो बसला. शेजारची खुर्ची सोडून नाही, अगदी शेजारी. बुधवारचे लोक बसायचे तसा. रेल्वेच्या सिग्नलचं सॉफ्टवेअर बघतो म्हणाला, लीड्सला येऊन दीड महिना झाला. मग त्यानं पिशवीतून डबे काढले. एक, दोन, तीन. प्रत्येकात हृदयाच्या आकाराचे वॉफल. हॅवरस्बीच्या हॉस्टेलमध्ये मजल्यावर नवा येणारा जुन्यांना वॉफल करून घालतो, ही रीत त्यानं मला समजावून सांगितली. मी तिथे तीन वर्षं काढली होती, पण ऐकून घेतली.

"तीन कशाला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"इथे तीन लोक आहेत ना. मॅपवर बघितला मी. ॲक्च्युअली मला बर्मिंगहॅमची पण ऑफर होता. पगार जास्त. तिथे पाच जहाज आहेत."

"मग तिथे का नाही गेलास?"

तो थोडा लाजला. "पाच म्हणजे ग्रुप असतो. ऑलरेडी झालेला. मला वाटला, तीन लोकांमध्ये चौथ्याला जागा असेल."

मी त्याला वडा दिला. मग अजून एक दिला. त्याच्या तोंडात घास असेपर्यंत मला बोलायला लागणार नव्हतं. पण माणूस किती वडे खाणार. तो मधूनमधून दाराकडे बघत होता आणि त्याच्याबरोबर, काय सांगू, मीसुद्धा बघत होते.

"समर," मी शेवटी म्हटलं, "बाकीचे दोघं येणार नाहीत."

"बिझी आहेत?"

"नाही. ते दोघं पण मीच आहे."

मी त्याला सगळं सांगितलं. पासवर्ड, तीन मेल, तळ्यातलं जहाज. सायकलचंही सांगितलं, जे मी सोल्वेगलाही सांगितलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर रागाची तयारी चाललीये असं मला वाटलं आणि ते न्याय्यच होतं. माझ्या निष्काळजीपणावर विसंबून एका माणसानं शहर निवडलं होतं. त्यानं डब्यांकडे पाहिलं, मग एक एक करून तिन्ही माझ्या पुढे सरकवले.

"मग हे सगळे तुझेच," तो म्हणाला.

आम्ही खात बसलो. वॉफल थंड होते आणि थोडे कच्चे. बऱ्याच वेळानं तो थांबला आणि त्यानं काटा खाली ठेवला.

"बर्मिंगहॅमचे पाच," तो म्हणाला. "तू म्हणतेस तसा झाला असेल तर?"

"असू शकतं."

"पाच वेळा घर बदलला त्यानं?"

"किंवा तिनं."

त्यानंतर आम्ही तिसरा डबा संपवला. काका-काकू आले तेव्हा साडेचार झाले होते. मीनलकडची सगळी माणसं गाड्या भरून मागोमाग येतायत, असं काकांनी जाहीर केलं. मिस्टर क्लेग किल्ल्या घेऊन दारात उभे होते, कारण हॉल पाचपर्यंतच होता. वडे फुटपाथवर उभं राहून वाटले. काकूंनी समरला, तू कर्णिकांपैकी कुठला, असं विचारायला सुरुवात केली आणि तो लिंग-वचनांच्या चिखलात खोल खोल जात होता, ते मी ऐकत होते.

सोमवारी मी सोल्वेगला फोन केला. घसा पहिल्या प्रयत्नात चालला. माझी दोन जहाजं बुडवा म्हटलं आणि समरचं सोडा म्हटलं. मग विचारलं, बर्मिंगहॅमला खरंच पाच जण आहेत का.

"ते मी नाही सांगू शकत, लव्ह. तुला माहितीये."

"माहितीये. आम्हाला फक्त निमंत्रणं पाठवायची होती. समर आणि मी ट्रेननं तिकडे जाणार आहोत. पाच पाकिटं करतोय, त्यांवर पत्ते तुम्ही घाला."

कीबोर्डवर काहीतरी वाजल्याचं ऐकू आलं.

"नियम तोडायचा नाही मला," त्या म्हणाल्या. "पण पोस्टाचा खर्च कशाला वाढवतेस. एकच पाठव."